महादेवप्पांची तक्रार वही

आपल्याला कुणाची गरज लागत नाही, हे महादेवप्पा बिराजदार दिवसातून दोनदा तरी सांगत. ऐकायला माणूस नसला तर पंपांना सांगत. लातूरबाहेरच्या त्या सांडपाणी केंद्रावर माणूस तसाही नसेच. पूर्वी आठजण होते. चहा, पत्ते, भांडणं, सगळं यथासांग चालायचं. मग स्वयंचलित पॅनल आलं. पाणी किती आलं, पंप कधी लावायचा, कधी थांबवायचा, सगळं तेच ठरवू लागलं. सातजणांच्या बदल्या झाल्या आणि पॅनलवर लक्ष ठेवायला अप्पा उरले. ते पॅनल कधीच चुकत नसे, याचा अप्पांना मनापासून राग होता.

पॅनलच्या देखभालीचा ठेका नांदेडच्या शिवांगीकडे होता. तिची कंपनी दोन माणसांची, त्यातली एक ती स्वतः, आणि सरकारी काम म्हणाल तर एवढं एकच. वहीत तक्रार नोंदली की दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने येऊन बघायचं, असा करार होता. अप्पांनी तो वाचला आणि त्यांना वहीचा लळा लागला. दर सोमवारी ते चष्मा पुसून लिहायला बसत. ‘पंप क्रमांक दोनचा आवाज उदास वाटतो.’ ‘हिरवा दिवा लागतो, पण मनापासून लागत नाही.’ मंगळवारी शिवांगी नांदेडहून लोहामार्गे एसटीने तीन तास हादरत येई, पॅनल उघडून बघे आणि शेजारच्या रकान्यात कार्यवाही लिही, ‘तपासले. दोष नाही.’ मग दोघं अप्पांनी थापलेले धपाटे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खात आणि दुनियेभरच्या गप्पा मारत.

पुढच्या तीन वर्षांच्या ठेक्याची निविदा निघाली, त्या मंगळवारी मात्र शिवांगीने धपाट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

“अप्पा, नवी अट आलीय. वर्षात बारापेक्षा जास्त तक्रारी असल्या तर माझी निविदा उघडणारच नाहीत.”

“मग? आपल्या किती हायत?”

“एकावन्न.”

दिवाळीचा एक सोमवार तेवढा सुटला होता. अप्पा तव्याकडे बघत राहिले आणि तव्यावरचा धपाटा करपला.

“केंद्रे साहेब आज दुपारी वही तपासायला येणार आहेत,” शिवांगी म्हणाली. “हे काम गेलं तर माझ्या जोडीच्या आदिनाथला घरी बसवावं लागेल, अन् कंपनीला कुलूप.”

“वही पाण्यात पडली म्हणू का? इथं पाणी लई हाय.”

“ह्या पाण्यातून ती काढायला तुम्हालाच उतरवतील.” ती हसली, पण डोळे भरून आले होते. “तुम्ही मुद्दाम लिहिता, हे मला तिसऱ्याच मंगळवारी कळलं होतं.”

“मग बोलली का न्हाईस, माय?”

“धपाटे बंद झाले असते.”

अप्पांना फार वाईट वाटलं. पोरीच्या पोटावर आपणच पाय दिला, आणि तोही चांगल्या अक्षरात.

उपअभियंता केंद्रे दुपारी आले. माणूस सज्जन, पण नियमापलीकडे बघायची सवय नव्हती. पानं उलटता उलटता त्यांच्या भुवया वर वर जात राहिल्या.

“एकावन्न तक्रारी! असा ठेकेदार कसा ठेवायचा?”

“साहेब, पॅनल एकदाबी बिघडलं न्हाई.”

“मग हे काय आहे?”

अप्पांनी चष्मा काढून पुसला. तोंडाने ते आयुष्यात सांगता आलं नसतं.

“काय असेल ते लेखी द्या,” साहेब म्हणाले.

अप्पांनी वही ओढली. कान लाल झाले होते, पण अक्षर नेहमीसारखंच टपोरं आलं. ‘तक्रार क्रमांक बावन्न. मागील एकावन्न तक्रारी खोट्या आहेत. ठेकेदाराचा काही दोष नाही. इथे बोलायला कुणी नसते. मंगळवारी माणूस आला की बरे वाटते, म्हणून लिहीत गेलो.’ खाली पूर्ण नावाची सही.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. “खोट्या नोंदींचा खुलासा तुम्हाला द्यावा लागेल, अप्पा. बाईंची निविदा मात्र उघडू.” मग आठवण झाल्यासारखं म्हणाले, “तसंही नव्या ठेक्यात हे पॅनल त्यांना नांदेडात बसून दिसेल. तीन महिन्यांतून एकदा आल्या तरी पुरे.”

“हाव साहेब. बराबर हाय,” अप्पा फरशीकडे बघत म्हणाले. पोरीचं काम राहिलं याचा त्यांना आनंद झाला होता, आणि तीन महिन्यांत किती मंगळवार येतात, हेही ते मोजत होते.

साहेबांनी वही शिवांगीपुढे सरकवली. नियम तो नियम. बावन्नावी झाली तरी ती तक्रारच, आणि तक्रारीपुढे कार्यवाही लिहावी लागते. एकावन्न वेळा तिने तो रकाना उभ्या उभ्या भरला होता. आज ती खुर्ची ओढून बसली आणि तिने लिहिलं, ‘तपासले. तक्रार खरी आहे. दर मंगळवारी स्वखर्चाने येईन.’