कासवांच्या अंड्यांवरचं डालगं

मित्रांनो, मी एक जुनं डालगं आहे. कोंबड्या झाकायचं, बांबूचं, एका बाजूनं किंचित चेपलेलं. महागावच्या बाजारात मला विकताना, मला विणणारी हंसाबाई छाती ठोकून म्हणाली होती, "पिल्लू त सोडा, त्याची चोचबी बाहेर यायची नाही." माझी वीण तितकीच घट्ट होती. मला त्याचा फार तोरा होता.

सत्यशीलाबाईच्या अंगणात सहा वर्षं मी कोंबड्यांची बडबड ऐकली. संध्याकाळी मला त्यांच्यावर पालथं घालायचं, मांजरानं उलथवू नये म्हणून वर दगड ठेवायचा आणि पहाटे उचलायचं, एवढंच माझं काम.

आमच्या गावापाशी पैनगंगेच्या पात्रात वाळूचं एक बेट होतं. तिथं नदीतली कासवं अंडी घालायची आणि कुत्री, मुंगसं ती उकरून खायची. त्यात बेटाची वाळू लिलावात निघणार अशी बातमी आली. सत्यशीलाबाईनं गावाला विहारात जमवलं. वनखात्याचे साहेबही आले. ते म्हणाले, "पिल्लं निघून पाण्यात जाताना दाखवा. त्या आधारावर मी बेट वाचवायला कागद पाठवतो."

दुसऱ्याच दिवशी बाई मला डोक्यावर घेऊन निघाली. बेटावर धड असं एकच घरटं उरलं होतं. त्यावर तिनं मला पालथं घातलं आणि सवयीनं वर दगड ठेवला. साहेबांनी माझा फोटो काढला. कोंबड्यांच्या वासाच्या डालग्याला एवढा मान! खरं सांगतो, मला आभाळ ठेंगणं झालं.

दोन महिने बाई रोज पहाटे गुडघाभर पाण्यातून यायची, मला उचलायची, वाळू निरखायची आणि पुन्हा झाकून जायची. एक दिवस चुकला नाही.

मग बुद्धपौर्णिमेला सारं गाव एका मुक्कामासाठी यवतमाळला निघालं. मागं राहिले दोघं. एक बाईचे दीर धर्मपाल, गाय व्यायला झाली होती म्हणून, आणि दुसरा तांड्यावरचा खेमसिंग. बाई दोघांनाही बजावून गेली, "पहाटे डालगं उचलून पाहजा. इसरू नका."

नेमकी दुसऱ्या दिवशी पहाटे वाळू हलली. एकामागून एक अकरा पिल्लं वर आली आणि माझ्या भिंतीवर चढू लागली. नदी वीस पावलांवर होती. येईल कुणीतरी आत्ता, असं मला वाटत राहिलं. ऊन चढलं. आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. सैल व्हायला मी फार धडपड केली, पण हंसाबाईची वीण सुटली नाही आणि वरचा दगडही हलला नाही.

दुपारी बाई परतली ती थेट नदीवर आली. तिनं मला उचललं आणि उन्हानं मेलेली अकरा पिल्लं एकेक करून ओच्यात घेतली.

"मले वाटलं, खेमसिंग गेला असन," धर्मपाल म्हणाले.

"मले वाटलं, भाऊ गेले असतीन," खेमसिंग पुटपुटला.

बाई कुणावर ओरडली नाही. "दोघायले सांगतलं मी," ती म्हणाली. "एकालेच सांगतलं असतं त गेला असता कोणी."

साहेबांना दाखवायला काही उरलं नाही, म्हणून कागदही गेला नाही. लिलाव झाला. पोकलेननं बेट उपसून नेलं आणि तिथं आता हिरव्या पाण्याचा खड्डा आहे. पुढच्या वर्षी एक मादी आली, काठाकाठानं फिरली आणि परत गेली, असं खेमसिंगनं सांगितलं. त्यानंतर कुणालाच कासव दिसलं नाही.

मी पुन्हा अंगणात आहे. मित्रांनो, एखादी गोष्ट झाकून ठेवली म्हणजे ती जपली, असं समजू नका. झाकण काढायला रोज कुणालातरी जावं लागतं, आणि ते कुणीतरी तुम्ही स्वतःच व्हा. मला हे कळून आता काही उपयोग नाही. तुम्हाला झाला तर बघा.

बाई अजून पहाटे उठते आणि मला स्वतःच्या हातानं उचलते. वर दगड मात्र ती ठेवत नाही. मांजरानं दोन कोंबड्या नेल्या, तरी ठेवत नाही.