काचेपासून दूरचा बाक

लिफ्टचं दार उघडायच्या आत तिने ओढणीचं एक टोक लेकीच्या कमरेला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं.

"अगं, पोर आहे की पतंग?" सासूबाई म्हणाल्या.

"असू दे आई. केवढ्या उंचावर आलोय."

"चहूकडे काचा आहेत. चिलटसुद्धा बाहेर जायचं नाही."

या मनोऱ्याची तिकिटं नवऱ्याने काढली होती आणि ऐनवेळी त्यालाच कामावर बोलावणं आलं. तिला सुटल्यासारखं झालं. लेक रांगायला लागल्यापासून तिने घरातल्या एकूण एक खिडकीची कडी दोरीने बांधून टाकली होती, आणि स्वतःही खिडकीपाशी उभी राहत नव्हती. पण सासूबाई अडून बसल्या. "माझ्या दिवट्याला वेळ नसेल तर नसू दे. मला शहर बघायचंय वरून. आता नाही तर कधी बघणार?"

त्यांचा शब्द मोडायची घरात पद्धतच नव्हती. लग्न होऊन आली त्या आठवड्यातच त्यांनी गच्चीवर कपडे वाळत घालायचं काम तिच्या गळ्यात टाकलं होतं. गुडघे ठणठणीत, बाजारहाट पायी करतील, पण गच्चीची पायरी म्हणून चढायच्या नाहीत. दिवस भरत आले तेव्हाही बादली तिनेच वर नेली होती. ते ती विसरली नव्हती.

सासूबाई सरळ मधल्या खांबाकडे गेल्या आणि त्याला लागून असलेल्या बाकावर बसल्या.

"काचेपाशी गर्दी आहे. आधी तू बघून ये, मग मी. दे हिला इकडे."

तिचा हात लेकीच्या कमरेच्या गाठीपाशी घुटमळला.

"अगं, तुझा नवरा मीच वाढवलाय. कुठे पडला नाही. डोक्यावर पडल्यासारखा वागतो, ते सोड."

तिला हसू आलं. तिने गाठ सोडली.

काचेपाशी पोहोचेपर्यंत ती नुसती स्वतःच्या चपलांकडे बघत होती. मग कठड्याकडे. मग हळूच खाली. बस काड्यापेटीएवढ्या. शाळेच्या मैदानात मुलं मोहरीसारखी सांडलेली. एका ढगाची सावली गच्च्यांवरून निवांत सरकत चालली होती, आणि ती पुढे गेली की मागे ऊन पडत होतं. तिचे दोन्ही हात रिकामे होते. काय करावं न कळून तिने ते कठड्यावर ठेवले.

"आई, या ना, इथे जागा..." म्हणत ती वळली.

सासूबाईंनी डोळे गच्च मिटले होते. एका हाताने नातीला पोटाशी आवळलेलं, दुसऱ्याने बाकाची कड अशी धरलेली की बोटांची पेरं पांढरी पडली होती. नात बोटाने त्यांची पापणी उचलू बघत होती.

"आजी, उठ."

"उठलेच आहे गं राणी," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या.

ती दोन पावलं पुढे आली आणि थांबली. ओढणीचं मोकळं टोक तिने नीट खांद्यावर घेतलं. मग पुन्हा काचेकडे वळली. या वेळी पार कपाळ टेकेपर्यंत जवळ गेली आणि चारही बाजूंनी, घाई न करता, सगळं बघून आली.

"झालं बघून?"

"झालं. तुम्ही?"

"गुडघा धरलाय मेला. पुन्हा कधीतरी."

"बरं," ती म्हणाली. "चला."

लिफ्टकडे जाताना तिने त्यांचा हात हातात घेतला. तळवा घामाने ओलाचिंब होता. दार मिटलं तसे सासूबाईंनी डोळे उघडले.

"काय काय दिसलं ते सांग बघू. शेजारीण खोदून खोदून विचारेल."



"गच्च्या दिसल्या, आई. कितीतरी गच्च्या. सगळीकडे कपडे वाळत होते. आणि वरून एक सावली..."

"हळू सांग," सासूबाई म्हणाल्या. "मला पाठ करायचंय."