व्हर्नाची मुकी सायकल

व्हर्नाचे गुडघे गेले, तेव्हा तिने यंदा शिकारीला न येता तळावर बसून रस्सा ढवळावा, असं विस्कॉन्सिनमधल्या तिच्या भावांनी परस्पर ठरवून टाकलं. व्हर्नाने बाजारातली सगळ्यात स्वस्त, बॅटरीवर चालणारी सायकल घेतली आणि पहाटे रानात शिरली. सायकल इतकी गुपचूप चालली की वाटेत आडवं उभं असलेलं शिंगाळं हरीण हललंच नाही. सायकलवर असताना बंदूक नियमाप्रमाणे रिकामी, पाठीला बांधलेली. शेवटी तिने घंटी वाजवली. त्याने सभ्यपणे वाट दिली.

“ताई, हात हलवत आलीस ना?” ती तळावर परतताच तिचा भाऊ ड्वेन हसला. “ऐक, आता घरी बस.”

“उद्याही जाणार,” व्हर्ना म्हणाली. “तुमचा ट्रक मात्र चालू ठेवा. त्या आवाजाला बिचकून सगळी हरणं माझ्याकडेच येतात.”