धुतलेला फ्रॉक

मळलं की पाण्यात. चाळीस वर्षं लोकांचे कपडे धुऊन माझे हात एवढंच शिकले होते, आणि त्या दुपारी त्यांनी तेच केलं.

नात नऊ वर्षांची. इस्त्रीचं गाठोडं गिरणीवाल्याच्या घरी पोचवायला मीच पाठवली होती. ती परतली ती थेट नदीवर, दातखीळ बसल्यासारखी. फ्रॉककडे पाहिलं आणि मी समजले. तिला पोटाशी धरलं, आंघोळ घातली, आणि रडत रडत फ्रॉक धुतला. दोनदा. त्या माणसाचं काही लेकराच्या अंगावर राहू नये, एवढंच मनात.

ठाण्यात हवालदार म्हणाला, "म्हातारे, पुरावा धुऊन आणलास? मग इस्त्रीपण करायचीस!"

"साहेब, मला काय ठाऊक?"

"बरं. पोरी, सांग. पहिल्यापासून सांग."

पोरीनं त्याला सांगितलं. मग मोठ्या साहेबाला. पाचव्या दिवशी डॉक्टरणीला. जो तो म्हणे, पहिल्यापासून सांग. घरी येऊन ती जेवायची नाही, भिंतीकडे तोंड करून पडायची.

शेजारीण म्हणाली, "अगं, गिरणीवाल्याशी वैर घेऊन दळण कुठं नेशील? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ पोरीची आहे बाई. ती झाकणारी मी कोण?"

मग तारखा सुरू झाल्या. कधी जजसाहेब रजेवर, कधी वकील आजारी. कोर्टात आत पोरीसमोर पडदा लावायचे, त्याचं तोंड दिसू नये म्हणून. बाहेर व्हरांड्यात मात्र बाक एकच. त्या टोकाला जामिनावर सुटलेला तो, या टोकाला आम्ही. मी मध्ये गाठोड्यासारखी बसायची.

तिथंच पोरीनं मला अक्षरं शिकवली.

"आजी, क काढ."

"मला कपड्यांवरच्या खुणा येतात, तेवढ्या पुरे."

"याही खुणाच आहेत गं. काढ."

तीन वर्षांनी तिची साक्ष झाली. त्याच्या वकिलानं विचारलं, "तेव्हा दुपार म्हणालीस, आता संध्याकाळ म्हणतेस. नक्की काय?"

मग माझी साक्ष.

"आजी, फ्रॉक का धुतलात? कोणी शिकवलं?"

"आईनं शिकवलं," मी म्हणाले. "मळलेलं धुवायला."

कोणीतरी हसलं. जजसाहेबांनी मान वर केली नाही.

निकालाच्या दिवशी गिरणीवाला सुटला. दारातून जाताना म्हणाला, "मावशी, उद्यापासून कपडे पाठवतो हं." जसं काही झालंच नाही.

सरकारी वकिलानं निकालाची नक्कल हातात दिली. बाकावर बसून मी बोट ठेवत ठेवत वाचायला लागले. पोरगी शेजारी, नखं कुरतडत.

"आजी, मी खोटं बोलले असं लिहिलंय?"

पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. 'कपडे धुतल्याने तपासणी होऊ शकली नाही.' 'संशयाचा फायदा.' माझे धुणारे हात त्या कागदावर होते, जागोजागी.

"नाही गं. खोटं असं कुठंच नाही."

"मग खरं बोलले असं?"

किती वेळ शोधलं. पानं संपली.

"तेही नाही."

ती परत नखं कुरतडायला लागली. नऊ वर्षांची होती तेव्हा निदान रडली असती.

घरी आल्यावर मी खुणेच्या शाईची बाटली काढली. कोणता कपडा कुणाचा ते कळावं म्हणून आम्ही जी खूण करतो, तिची शाई. कितीही आपटा, जात नाही. फ्रॉक ठाण्यातच राहिला होता, म्हणून निकालाचा कागदच पसरला. जजसाहेबांच्या सहीखाली वाकड्या अक्षरांत लिहिलं: पोरगी खरं बोलली. खाली माझं नाव.

पोरीनं ते दोनदा वाचलं. म्हणाली, "ख नीट आलाय."

मग तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती रडली. मी तिचे डोळे पुसले नाहीत. वाहू दिले.