पास म्हणजे पास

दीपकसरांचं इंग्रजी ऐकलं की आशाच्या कपाळावर आपोआप आठी चढायची. अंबडच्या त्या पितळी बुश, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या आखूड नळ्या, बनवणाऱ्या कारखान्यात ते मॅनेजर होते, आणि शेठना इंग्रजीचा गंध नसल्यामुळे त्यांचा तिथे फार दरारा होता. एका गिऱ्हाइकाचे वडील वारले, तेव्हा त्यांनी सांत्वनाच्या पत्रात ‘युअर फादर हॅज पास्ड आउट’ असं लिहिलं होतं. म्हातारा जणू डिप्लोमा घेऊन बाहेर पडला! तपासणीचं काम संपवून आशा ऑफिसातली पत्रंही टाइप करायची. तिने गुपचूप ‘पास्ड अवे’ केलं. आभार दूरच, ‘माझ्या ड्राफ्टला हात लावायचा नाही,’ असा दम मात्र मिळाला.

नव्व्याण्णव साली इंग्लंडहून एक साहेब माल बघायला आला. महिनाभर सगळा कारखाना त्या एकाच लॉटवर राबला होता. पेठकडच्या पाड्यांवरून आलेल्या आठ बाया बुशच्या कडा घासून घासून बोटं सोलून बसल्या होत्या. साहेबाने भोक मोजायच्या स्वतःच्या गेजने पंचवीस-तीस बुश तपासले. काही बुशांचं भोक बारीक पडलं होतं. त्याने गेज डबीत ठेवलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, “आय अ‍ॅम अफ्रेड, वी विल हॅव टू पास ऑन धिस लॉट.”

दीपकसरांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. साहेब जरा गोंधळला, ओशाळं हसला आणि गाडीत बसून निघून गेला.

“सर, ते नको म्हणाले,” आशा म्हणाली. “पास ऑन म्हणजे हा लॉट घेत नाही.”

“अगं, पास म्हणजे पास! शेंबडं पोरही सांगेल,” सर सगळ्यांसमोर हसले. “बी.एस्सी.ला तू कशी पास झालीस, देव जाणे.”

बायाही हसल्या. त्यांना काय कळलं होतं म्हणा. शेठनी पेढे मागवले. आशाने पेढा हातात घेतला आणि मनात म्हणाली, आपट आता तोंडावर. शेठची केबिन दहा पावलांवर होती, दार उघडं होतं. ती गेली नाही. उलट माल बोटीवर चढेपर्यंतचा आठवडा तिने फार मजेत काढला. सर ‘माझ्या एका वाक्यावर साहेब खूश’ म्हणून सांगत फिरायचे आणि हिला आतून गुदगुल्या व्हायच्या.

दीड महिन्याने फॅक्स आला. न घेतलेला माल पाठवलाच कशाला, असं विचारलं होतं. सगळा लॉट परत येणार होता.

“गोऱ्यांची जातच दुतोंडी,” दीपकसर म्हणाले. “तोंडावर पास, मागून नापास.” वर बायांनीच कडा जास्त घासल्या, असंही त्यांनी ठोकून दिलं. शेठनी आठही बायांना त्याच दिवशी कायमचं घरी जायला सांगितलं.

तेव्हा कुठे आशा डिक्शनरी घेऊन केबिनमध्ये शिरली. पासचे अर्थ अख्खं पान भरून होते. शेठनी त्या पानावरून बोट फिरवलं.

“एका शब्दाचे एवढे अर्थ? मग त्यानेच नीट बोलायला नको?” त्यांनी डिक्शनरी मिटून परत दिली. “दीपकचं इंग्रजी फर्डं आहे गं. तू उगाच त्याच्यावर जळू नकोस.”

या माणसाला काय सांगायचं! ती बाहेर आली.

गेटपाशी तानुबाई गाठोडं घेऊन पेठच्या जीपची वाट बघत बसली होती. आठ जणींत तीच सर्वांत वडीलधारी.

“ताई, तो साहेब तर पास बोलला ना? मंग आमचं काय चुकलं?”

“तुमचं काहीच नाही,” आशा तिच्या शेजारी टेकली. “तो नकोच म्हणाला होता. मला त्याच दिवशी कळलं होतं.”

“मंग तू सांगलं नाय?”

“एकदा सांगितलं. सर हसले.”

“हसला तर काय झालं? शेठला सांगायचं व्हतं.”

तानुबाईने आशाकडे अशा तिरस्काराने पाहिलं, की तसं आशाने आजवर दीपकसरांकडेही पाहिलं नव्हतं. मग तानुबाईने गाठोडं उचललं आणि चार हात लांब जाऊन, पाठ करून बसली.