ठिपका हलला नाही

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. राळेगाव तालुक्यातल्या एका वननाक्याच्या कपाटात, हिरव्या पेटीत, फडक्याच्या घडीवर मी पडून असतो. मी एक जुना रेड डॉट आहे. माझ्या काचेच्या कोपऱ्यावर ओरखडा आहे आणि अंगाचा काळा रंग कडांना उडाला आहे. बंदुकीच्या पाठीवर बसायचं आणि नेम धरणाऱ्याला एक लाल ठिपका दाखवायचा, हे माझं काम.

दूरच्या एका कारखान्यात मी घडलो. माझ्या पोटात बारीक दिवा आहे आणि समोर तिरपी काच. दिव्याचा उजेड काचेवरून परततो आणि माझ्यातून पाहणाऱ्याला समोरच्या वस्तूवर कपाळावरच्या टिकलीसारखा ठिपका दिसतो. दुसऱ्या कोणाला तो दिसत नाही, जनावरालाही नाही. माझी बंदूक भुलीची होती. तिच्यातून गोळी सुटत नसे, औषधाची सुई सुटे. विहिरीत पडलेलं, गावात शिरलेलं किंवा जखमी झालेलं रानातलं जनावर झोपवायचं आणि वाचवायचं, यासाठी आम्ही दोघं होतो.

मात्र मी बंदुकीला घट्ट धरून असेन तेव्हाच माझा ठिपका खरा असतो. मी केसभर सरकलो, तरी तो तितकाच लाल दिसतो आणि खोटं बोलतो. माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट त्या केसभर जागेचीच आहे.

ती बोंडअळीची वर्षं होती. कपाशीची झाडं, म्हणजे पऱ्हाटी, हिरवीगार दिसे, पण बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. जो कापूस चांगला फुटे, तो लवकर वेचून घरी आणायची सगळ्यांना घाई. अशाच एका वर्षी, दसऱ्यानंतर, नाल्याकाठच्या शेतांत एक बिबट मादी दिसू लागली. कोणीतरी रानडुकरासाठी लावलेला तारेचा फास तिच्या गळ्यात अडकला होता. तिला धड शिकार करता येत नव्हती आणि ती नाला सोडत नव्हती. बायका वेचणीला जाईनात. फुटलेला कापूस झाडावर लोंबत राहिला.

वेचणाऱ्या बायकांची म्होरकी होती मथुराबाई. ती नाक्यावर येऊन आमच्या वनपाल इंदुताईंना म्हणाली, "बाई, तुमची ते वाघीण पकडा, नाही तं आम्हाले तरी पिंजऱ्यात ठेवा. पिंजऱ्यातून येचतो कापूस!"

"वाघीण नाही ते, बिबट हाय," इंदुताई म्हणाल्या.

"तिले सांगा ते. आम्हाले दोघीही खातेत."

बंदूक चालवायचा वनरक्षक संघदीप. शांत माणूस, हात पक्का. त्या संध्याकाळी पळसाच्या झुडपाखाली मादी आडवी पडलेली दिसली. जनावरांच्या डॉक्टरांनी सुई भरून दिली. संघदीपनं माझ्यातून पाहिलं. मी ठिपका तिच्या मांडीवर ठेवला. त्यानं श्वास रोखला आणि घोडा दाबला.

सुई वीतभर डावीकडे गेली आणि पऱ्हाटीत शिरली. मादी उसळून नाल्यात पळाली.

बांधावर गाव जमलं होतं. "हात हालला रे त्याचा!" कोणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "सुया कायले टोचता? गोळी घाला अन् मोकळे व्हा." संघदीपनं बंदूक खाली घेतली आणि तो पऱ्हाटीत सुई शोधू लागला. वरून निरोप आला की उद्या संध्याकाळपर्यंत मादी भुलीनं पकडली नाही, तर तिला मारण्याची परवानगी मागावी लागेल. मित्रांनो, ते ऐकून मला माझ्या लालपणाची लाज वाटली. तिचा जीव माझ्यामुळे जाणार होता आणि मला बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच इंदुताईंनी बंदूक टेबलावर ठेवली, मला दोन बोटांत धरलं आणि हलवलं. मी हललो. अगदी थोडा, पण हललो.

"संघदीप, तुया हात नाही चुकला. हे पाह्य, हे डुगडुगून राह्यलं."

त्यांनी माझे पेच सोडवले. पेच तेलानं माखलेले होते. बंदुकीच्या पाठीवरच्या, मी बसतो त्या पट्टीच्या खाचेत तेल, तेलात हळद आणि कुंकू.

दारात जीपचा चालक उकंडा उभा होता. त्याच्या हातातला चहाचा कप थांबला. दसऱ्याला नाक्यावर शस्त्रांची पूजा होते. संघदीप दरवर्षी त्या दिवशी घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, त्यामुळे तो तेव्हा नव्हता. उकंडाकाकांनी मोठ्या भक्तीनं जीप धुतली, कोयते धुतले, बंदूक पुसली. मला खाली उतरवलं, हळदकुंकू लावलं, पेचांना भरपूर तेल पाजलं आणि पुन्हा बसवलं. मग तीच बंदूक जीपमधून शेतांकडे जाणाऱ्या पांदणीच्या खड्ड्यांत धडधडत हिंडली. तेलकट पेच हळूहळू ढिले होत गेले.

"गाडीच्या नटाले देतोच ना मी तेल," उकंडाकाका हळूच म्हणाले. "जाम होऊ नाही म्हणून देल्लं, बाप्पा."

संघदीपनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, जे फिराचं हाय त्याले तेल. जे धरून ठेवाचं हाय ते कोरडं. बसा आता, चहा थंडा होऊन राह्यला."

मग माझी आंघोळ झाली. मथुराबाई सुनेला, प्रियंकाला, घेऊन काय झालं ते विचारायला आली होती. तिनं ओटीतून कापसाची दोन बोंडं काढली आणि सरकी बोटांनी वेगळी केली. "हे घ्या. कच्चा कापूस पाणी पेत नाही, पण तेल लय पेते. वाती आम्ही ह्याच्याच वळतो." कापसानं खाचेतलं तेल ओढून घेतलं. राहिलेलं डॉक्टरांच्या पेटीतल्या स्पिरिटनं गेलं. संघदीपनं फुंकर मारून एक एक तंतू काढला.

त्यानं मला जागेवर बसवलं आणि पुढे ढकलून खाचेच्या कडेला टेकवलं, म्हणजे धक्का बसला तरी मला सरकायला वाव उरू नये. पेचांच्या आट्यांना पकड धरणाऱ्या निळ्या औषधाचा एक एक थेंब लावला. एक पेच एकदम आवळला नाही. थोडा हा, थोडा तो, असं करत दोन्ही बरोबरीनं बसवले. जोर लावला तो बोटांचाच, मनगटाचा नाही. मला वाटलं, आपल्याला पुन्हा मुळं फुटली.

औषध सुकेपर्यंत वाट पाहावी लागली. बाहेर लोक घाई करत होते, पण इंदुताईंनी कोणाला मला बोट लावू दिलं नाही.

दुपारी कुटारानं, म्हणजे भुश्शानं, भरलेलं पोतं आंब्याला टेकवलं आणि त्यावर कुंकवाचं बोट उमटवलं. नुसतं पाणी भरलेली सरावाची सुई सुटली, ती थोडी डावीकडे लागली. संघदीपनं माझ्या कुशीतला बारीक पेच फिरवला. पुढची सुई कुंकवाजवळ. आणखी थोडा फिरवला. पुढची कुंकवात.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. "थांबा," संघदीप म्हणाला. "आता लागली, त्याचं काही नाही. खड्ड्यानंतर लागली पाह्यजे. काका, गाडी काढा. पांदणीतून न्या, अन् एकही खड्डा सोडू नका."

उकंडाकाकांनी त्या दिवशी एकही खड्डा सोडला नाही. परत आल्यावर काहीही न फिरवता संघदीपनं नेम धरला. सुई पुन्हा कुंकवात! "ठिपका हलला नाही!" उकंडाकाकाच पहिल्यांदा ओरडले.

तेव्हा इंदुताईंनी विचारलं, "कोणाजवळ नखं रंगवाचं हाय का?" प्रियंकानं पिशवीतून गुलाबी बाटली काढली. संघदीपनं पेचाच्या डोक्यावरून माझ्या अंगापर्यंत एक बारीक रेघ ओढली. पेच फिरला की रेघ तुटणार आणि लगेच कळणार.

"माह्या लग्नात बी इतकं नटवलं नोहतं कोणाले," प्रियंका म्हणाली, आणि मथुराबाईसुद्धा हसली.

सूर्य कलला तेव्हा मादी त्याच पळसाखाली होती. तिचा श्वास घरघरत होता. रेघ पाहून संघदीपनं मला डोळ्यासमोर धरलं. मी ठिपका तिच्या मांडीवर ठेवला, आणि या वेळी तो खरा होता. सुई बरोबर तिथेच लागली. थोड्या वेळात ती झोपली. डॉक्टरांनी तार कापली, जखम धुतली, औषध भरलं. काल गोळी घाला म्हणणारे आज पिंजरा उचलायला पुढे आले. जखम भरल्यावर तिला दूरच्या रानात सोडलं. दार उघडताच ती मागं न पाहता गेली.

मादी पिंजऱ्यात गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मथुराबाईनं शेतात दहीभात शिंपडून सीतादही, म्हणजे वेचणीच्या आरंभाची पूजा, केली आणि बायका ओट्या बांधून वेचणीला लागल्या. नाक्यासाठी तिनं दहीभाताचा डबा पाठवला. भाताचा कण माझ्यावर उडू नये म्हणून उकंडाकाका तो लांब बसून जेवले.

आता माझा दिवा मंद झाला आहे. बंदुकीवर नवा रेड डॉट आला. तो माझ्यासारखाच कोरडा बसवला आहे आणि त्यालाही गुलाबी रेघ आहे. मला मात्र संघदीपनं बंदुकीवर असते तशाच एका सुट्या पट्टीवर बसवून ठेवलं आहे, नव्या पोरांना शिकवायला. दसऱ्याला उकंडाकाका पेटी उघडतात, आधी रेघ पाहतात, मग झाकण लावून वरून झेंडूचं फूल ठेवतात आणि हात जोडतात.

मित्रांनो, ज्या वस्तूवर कोणाचा जीव अवलंबून आहे, तिच्यावर माया करा, पण आधी तिला काय हवं ते विचारून घ्या. बसवलेली वस्तू खड्ड्यातून नेऊन पुन्हा तपासा. एवढं केलंत, तर कपाटातल्या अंधारातही मी खूश राहीन. माझी रेघ अजून तुटलेली नाही.