लाल गाडीवरची राखाडी फिल्म

मित्रांनो, मी एक जुनी, सोलून काढलेली फिल्म आहे. गाडीच्या रंगावर चिकटवतात ती. पुष्कळ लोक मला 'स्टिकर' म्हणतात आणि तिथूनच माझे डोके फिरायला लागते. स्टिकर वहीवर लावतात, फ्रिजवर लावतात. मी त्यातली नव्हे. आज मी एका सरकारी कपाटात, पिशवीत घडी घालून पडले आहे. माझी ही गत का झाली ते सांगते. सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या. घडलेच तसे आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. वितळलेल्या प्लास्टिकचा पातळ थर रुळांमधून बाहेर आला, गार झाला, त्याला राखाडी रंग मिळाला. मग पाठीला डिंक लागला, डिंकावर कागद बसला आणि पुठ्ठ्याच्या नळीवर माझी गुंडाळी झाली. गोदामात माझ्या शेजारी पारदर्शक फिल्मची गुंडाळी उभी असे. ती माझी थोरली बहीण. खडी उडाली, फांदी घासली, पक्ष्यांनी घाण केली, तर ते सगळे आपल्या अंगावर घ्यायचे आणि गाडीचा रंग राखायचा, एवढेच तिचे काम. माझ्या कामात थोडा नट्टापट्टाही होता. खालचा रंग सुखरूप ठेवायचा आणि वर मालकाच्या हौसेचा रंग मिरवायचा. हौस फिटली की मला अलगद सोलून काढायचे, आणि खालचा रंग जसाच्या तसा. किती सरळ काम! यात लपवाछपवी कुठेच नव्हती.

तिथून मी एका दुकानात आले. दुकान नवरा-बायकोचे होते. बायकोला सगळे ताई म्हणत. फिल्म लावायची ती. गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा तो. ताईचा नवरा म्हणून आख्खा बाजार त्याला दाजी म्हणे, त्याच्यापेक्षा वयाने मोठी माणसेसुद्धा. कामाची खोली पांढऱ्या फरशीची होती, वर दिव्यांच्या लांब नळ्या. ताई काम सुरू करण्यापूर्वी जमीन ओली करायची आणि पंखा बंद करायची, कारण धुळीचा एक कण खाली राहिला तरी वरून तो पुटकुळीसारखा दिसतो. उन्हाळ्यात दाजी घामाने निथळायचा आणि म्हणायचा, "गाडीला कपडे चढवता चढवता माझे उतरायची वेळ आलीय." मला ते घर आवडले होते.

एका सकाळी तिथे लाल गाडी आली. मालक दूरच्या गावाहून आला होता. त्याचे फर्निचरचे दुकान होते, म्हणून मी त्याला फर्निचरवाला म्हणते. सोबत त्याची मुलगी होती. चौथी-पाचवीतली असावी. तिला तो ठकू म्हणत होता.

"सगळी गाडी राखाडी करायचीय. आजच्या आज," फर्निचरवाला म्हणाला.

"आज नाही व्हायची," ताई म्हणाली. "धुवायची, पुसायची, दारांच्या मुठी काढायच्या. उद्या संध्याकाळी या."

"बाबा, लालच छान होती की," ठकू म्हणाली.

"लाल रंगाचा कंटाळा आलाय."

"तुम्हीच तर हट्ट करून लाल घेतली होती. आईला पांढरी हवी होती."

"ठकू, गप्प बस."

ताई गाडीवरून हात फिरवत होती. काम घेण्यापूर्वी ती नेहमीच असा हात फिरवायची. डाव्या बाजूला, पुढच्या दिव्याशेजारच्या मडगार्डवर तिचा हात थांबला. तिथला लाल रंग नुकताच डबीतून फवारलेला होता आणि खाली काहीतरी भरलेले होते.

"इथं काम झालंय. कच्चं आहे. काय झालं होतं?"

"गेटला घासली."

"मग आधी हे नीट करून घ्या. पुरतं वाळू द्या आणि मग या. असल्या जागेवर फिल्म धरत नाही."

"मला गाडी हवीय, प्रवचन नको."

"होऊन जाईल साहेब, होऊन जाईल," दाजी मध्ये पडला.

ताईने त्याला बाजूला घेतले. "अहो, उद्या तिथं सुटली तर बोलणी मी खायची ना?"

"सुटली तर बघू. दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं का?"

ताई चरफडली, पण कामाला लागली. आणि काम काय केले तिने! गरम हवेने मला मऊ केले, पट्टीने एकेक बुडबुडा कडेला ढकलला, दारांच्या फटींत मला नखाएवढेसुद्धा कमी पडू दिले नाही. साऱ्या अंगावर मी छान बसले. फक्त त्या मडगार्डवर मला काही सुचेना. पत्रा थंड आणि टणक असतो. हे भुसभुशीत होते, दमट होते. एखाद्याच्या जखमेवर कोणी मला दाबून बसवावे, तसे मला वाटले.

पहिले काही दिवस माझे फार कौतुक झाले. रस्त्यात लोक माना वळवून पाहत. "काय गाडी आहे!" म्हणत. फर्निचरवाला हसायचा. मीही फुशारले होते. पण मित्रांनो, गाडीवर बसलेल्या फिल्मला गाडीतले बोलणे ऐकू येते, आणि जे ऐकले त्याने माझा सगळा तोरा उतरला.

तो रोज ठकूला शाळेत सोडायचा. शाळेच्या कोपऱ्यावर चार रस्ते एकत्र येत. मुले जीव मुठीत धरून धावत ओलांडायची, गाड्या करकचून ब्रेक लावायच्या, आया ओरडायच्या.

"शिट्टीवाले आजोबा होते तेव्हा असं नव्हतं," ठकू एकदा म्हणाली. "ते हात वर करायचे ना, तर ट्रकसुद्धा थांबायचा."

हे आजोबा कोण ते मला हळूहळू कळले. नोकरी संपल्यावर घरात बसवेना म्हणून ते आपणहून त्या कोपऱ्यावर उभे राहत. गळ्यात शिट्टी, हातात झेंडा. एका संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना त्यांना एका गाडीने उडवले आणि ती पळून गेली. पाय मोडून ते रस्त्याकडेच्या चरात पडून राहिले. कोणाला तरी त्यांची शिट्टी ऐकू आली म्हणून वाचले. गाडी लाल होती, एवढेच त्यांना सांगता आले.

त्यानंतर एके दिवशी ठकूने विचारले, "बाबा, तो कुत्रा जगला असेल का हो?"

"कुठला कुत्रा?"

"आपल्या गाडीला धडकला तो. मी मागे झोपले होते. धाडकन आवाज आला, तर तुम्ही म्हणालात कुत्रा होता."

"जगला असेल."

"मग आपण उतरून बघितलं का नाही?"

"अंधार होता. तू रेडिओ लाव."

रेडिओ लागला. माझे मात्र अंगच जळायला लागले. लाल रंगाचा कंटाळा! आता मला सगळे कळले. मला रंग राखायला आणले नव्हते, हौस म्हणूनही आणले नव्हते. लोक लाल गाडी शोधत होते, म्हणून मला तिच्यावर पांघरले होते. आणि ज्या कोपऱ्यावर त्या म्हाताऱ्याने मुलांना सांभाळले, त्याच कोपऱ्यावरून हा माणूस मला रोज मिरवत नेत होता!

ठकूचा वर्ग आजोबांना भेटायला जाणार होता. तिने विचारले तेव्हा तो म्हणाला, "काही गरज नाही." कुत्र्याचे पुन्हा विचारले तेव्हा खेकसला, "एकदा सांगितलं ना!" पोर गप्प झाली, पण थोड्या दिवसांनी पुन्हा विचारलेच तिने. मला तोंड असते तर मी त्या रस्त्यावरच किंचाळले असते.

मग मडगार्डवर मी सुटू लागले. मुद्दाम सुटले असे म्हटले तर ते खोटे होईल. गाडी धुताना पाणी आत जायचे, खालचे ते भुसभुशीत पीठ फुगायचे आणि मला वर ढकलायचे. फर्निचरवाल्याने टाचणी टोचून पाहिली. बायकोचे केस वाळवायचे यंत्र आणून पाहिले. फुगा वाटीएवढा झाला. जो तो विचारू लागला, "अहो, गाडीला गळू झालं की काय?" शेवटी एका सुट्टीच्या दिवशी, बायको कामावर असताना, तो ठकूला घेऊन तणतणत ताईच्या दुकानात आला.

"हे काय लावलंत? सरळ सरळ फसवणूक आहे ही!"

फसवणूक! हा शब्द त्याच्या तोंडी! मी थरथरले. तो फुगा हलला म्हणा हवे तर.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," ताई म्हणाली.

"ते मला सांगू नका. नवी लावा. खालचं काही उकरायचं नाही, वरच्या वर लावा."

"वरच्या वर लागत नसतं, साहेब."

तिने गरम हवा धरली आणि मला कडेने सोलले. माझ्याबरोबर भराव्याचा मोठा ढलपा निघून आला. ताईने तो बोटांत चुरला आणि हुंगला.

"ही तर लाकडाची पुट्टी. पत्र्यात कोण भरतं ही?"

"बाबांच्या दुकानात असते," ठकू म्हणाली. "कपाटांच्या भेगांत भरतात."

ताई वाकून पाहू लागली. पुट्टीखाली पत्र्याला अरुंद, खोल पोचा होता, आणि त्याच्या घडीत निळा रंग खरवडून बसला होता.

"गेटला घासली म्हणालात ना? निळं आहे का गेट?"

"हो."

"नाही," ठकू म्हणाली. "आपलं गेट काळं आहे." मग ती पुढे झाली. "बाबा, कुत्रा इथंच धडकला होता ना?"

ठकूने निळ्या रंगावर बोट ठेवले. तिचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. कोणत्याही मुलाचा चेहरा तसा होऊ नये.

"आजोबांची सायकल निळी होती," ती म्हणाली.

"गाडीत बस."

"नाही."

"ठकू, गाडीत बस म्हणतो ना!"

ती ताईच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिथूनच सांगू लागली, "आमच्या शाळेपाशी शिट्टीवाले आजोबा होते. त्यांना लाल गाडीनं उडवलं. आमची गाडी लाल होती."

फर्निचरवाला टेबलावरच्या किल्लीकडे झेपावला. पण किल्ली आधी उचलली ती दाजीने. गिऱ्हाइकापुढे कधी मान वर न केलेल्या दाजीने ती आपल्या खिशात टाकली.

"गाडी इथून हलणार नाही, साहेब."

"तुम्ही कोण सांगणारे? गिऱ्हाईक आहे मी!"

"होतात," दाजी म्हणाला.

तेव्हा तो माणूस खाली बसला. "घाबरलो होतो गं, ठकू. तू मागे झोपली होतीस."

"मला उठवायचं," ठकू म्हणाली. "आपण दोघांनी बघितलं असतं."

ताईने ठकूच्या आईला फोन लावून दिला. ती बस पकडून आली, कामावरच्याच कपड्यांत. तिने तो पोचा पाहिला, नवऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "चल, ऊठ. चौकीवर जायचंय. मी येते बरोबर." ती ओरडली नाही, रडली नाही. मला वाटत होते, तिने ओरडावे.

पोलिसांनी मला पुट्टीच्या ढलप्यासकट पिशवीत घातले. पुढे कोर्टात मी टेबलावर होते. फर्निचरवाल्याचा वकील पुन्हा पुन्हा म्हणत होता की अंधार होता, चूक झाली. मग काठी टेकत शिट्टीवाले आजोबा उभे राहिले.

"धडक बसली, ती चूक धरतो मी," ते म्हणाले. "पण गाडी पुढं जाऊन थांबली होती. मागचे दिवे पेटलेले मी चरातनं पाहिले. वाटलं, येतंय कोणीतरी. म्हणून शिट्टी वाजवली. तशी गाडी निघून गेली. त्याला मी चूक म्हणणार नाही."

वकील कागद चाळत राहिला.

फर्निचरवाल्याला शिक्षा झाली. आजोबांचा पाय काही सरळ झाला नाही. शिक्षेने पाय सरळ होत नाहीत. हवालदार मला हातात घेऊन बाहेर आला तेव्हा आजोबा बाकावर बसले होते आणि ठकू त्यांच्यासमोर उभी होती.

"आजोबा, तुम्हाला माझा राग आलाय?"

"तुझा कशाला येईल? कोपऱ्यावर कोण असतं आता?"

"आई असते दोन दिवस. बाकीचे दिवस दुसऱ्यांच्या आया."

"शिट्टी वाजवते का नीट?"

"नाही. नुसतं फुर्र होतं."

आजोबा हसले. "घेऊन ये तिला घरी. शिकवतो."

ते हसले, पण मी नाही हसले, मित्रांनो. माझा राग तसाच आहे. ताईच्या हातची एवढी सुंदर कारागिरी, आणि ती या कामी लागली! तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. माझ्या बहिणींना त्यांवर जरूर लावा. हौसेने लावा, कडांना पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, उन्हात वर्षानुवर्षे वाळवू नका, वेळ झाली की अलगद काढा. रंग जपणे हे चांगलेच काम आहे. पण रंगाला ओरखडा पडू नये म्हणून जेवढे जपाल, त्याहून अधिक रस्त्यावरच्या माणसाला जपा. कोणाची जखम झाकायला आम्हाला वापरू नका.

आणि गाडीला काही धडकले, आणि कोणी मोठे माणूस म्हणाले, "काही नाही, कुत्रा होता," तर गाडी थांबवायला लावा. खाली उतरा. कुत्रा असला तरीही उतरा.